मिसिसिपीतला 'हिगिन्स आय' शिंपला: कायद्याने खरंच वाचतो का?

रेवा_काठ:
बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसतेच. आम्ही अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठाला राहतो, आयोवा राज्याच्या बाजूला, आता नऊ वर्षं झाली. एका उन्हाळ्यात नदी खूप उतरली होती आणि मस्कटीन गावाजवळ काठाने चालताना चिखलात एक जाड शिंपला सापडला, त्याला चार गोल भोकं, इतकी नेटकी की पोळी लाटून वाटीने पुऱ्या कापून घ्याव्यात तशी. मला वाटलं कुणाच्या तरी कलाकुसरीचं सामान पडलंय. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की ही बटणं कापून उरलेली टाकाऊ शिंपली आहे, शंभर वर्षांपूर्वीची!

जॉन बोपल नावाचा जर्मन कारागीर, बटणं घडवणारा, त्याने १८९१ साली मस्कटीनमध्ये नदीतल्या शिंपल्यांपासून बटणं करायला सुरुवात केली. १९०५ पर्यंत एकट्या मस्कटीनमध्ये वर्षाला दीड अब्ज बटणं निघत होती. दीड अब्ज! एकेका शिंपल्यातून मोजकी बटणं निघतात, म्हणजे नदीतून किती जीव उपसले असतील त्याचा हिशोब तुम्हीच करा. पुढे प्लास्टिकची बटणं आली आणि धंदा बसला, पण तोवर नदीच्या तळावरचे शिंपल्यांचे थर पार विरळ झाले होते.

याच नदीत 'हिगिन्स आय' नावाचा शिंपला राहतो, लॅम्प्सिलिस हिगिन्सी. मस्कटीनच्याच हिगिन्स नावाच्या माणसाने नमुने पाठवले म्हणून १८५७ साली त्याचं नाव ठेवलं. हातात मावेल एवढा, पिवळसर तपकिरी, कधी कधी हिरवट रेघा. १९७६ च्या जूनमध्ये त्याला एन्डेंजर्ड (नामशेष व्हायच्या धोक्यात) म्हणून केंद्राच्या यादीत घातलं, म्हणजे १९७३ चा एन्डेंजर्ड स्पीशीज ॲक्ट, धोक्यातल्या प्रजाती वाचवायचा अमेरिकेचा कायदा, झाल्यावर तीनच वर्षांत. तेव्हापासून जवळजवळ पन्नास वर्षं तो यादीतच आहे.

मला यावर बोलायचंय. वाघ, गरुड यांना कायदा काय देतो ते समजतं, बंदूक खाली ठेवा म्हणायचं. पण जो प्राणी चिखलात अर्धा गाडून बसलाय, ज्याला आता कुणी मारायलाही जात नाही, त्याला कायदा वाचवणार तरी कसा? यातलं माहीत असणारे इथे असतील तर लिहा प्लीज.

मृदगंध:
भारी विषय. भोकवाल्या शिंपल्याचा फोटो असेल तर टाक ना.

निनाद२१:
रेवाताई, लेख आवडला पण थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी शेतीच्या क्षेत्रात काम करतो, इथल्या शेतकऱ्यांशी रोजचा संबंध. त्यांना या कायद्याची भीतीच जास्त वाटते. एखादा शिंपला सापडला की आपलं काम थांबणार, परवानग्या लागणार, असा समज घट्ट बसलाय. आणि पन्नास वर्षं यादीत राहूनही तो बाहेर येत नसेल तर उपयोग काय झाला, हा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडतो.

सुमेधा_वि:
निनाद, प्रश्न योग्य आहे आणि समज मात्र अर्धवट आहे (तुमचा नव्हे, शेतकऱ्यांचा). मी पर्यावरण कायदा शिकले आहे, जमेल तेवढं सोपं करून सांगते, लांब होईल.

या कायद्यात दोन कलमं लक्षात ठेवायची, ७ आणि ९.

कलम ९ सगळ्यांना लागू, तुम्हाला मला सुद्धा. एन्डेंजर्ड प्राण्याला मारणं, पकडणं, गोळा करणं, इजा करणं, याला कायद्याच्या भाषेत 'टेक' म्हणतात, ते सगळं बंद, आणि विकणंही बंद. जाणूनबुजून केलं तर कायद्यात ५० हजार डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद लिहिलेली आहे. 'इजा' मध्ये राहण्याची जागा उद्ध्वस्त करणंही येतं, हे १९९५ साली सुप्रीम कोर्टाने स्वीट होम केसमध्ये मान्य केलं. २०२५ मध्ये मात्र सरकारने इजेची ती व्याख्याच काढून टाकायचा प्रस्ताव आणला, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते, कारण शिंपल्याला कुणी हातोडीने मारत नाही, त्याची जागाच मारतात.

कलम ७ फक्त केंद्र सरकारच्या कामांना. म्हणजे केंद्राचं खातं स्वतः काम करणार असेल, पैसे देणार असेल किंवा परमिट देणार असेल तर त्याने आधी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसशी (केंद्राचं वन्यजीव खातं) सल्लामसलत करायची आणि या कामाने प्रजातीचं अस्तित्व धोक्यात येणार नाही याची खात्री करायची. शेतकरी स्वतःच्या पैशाने स्वतःच्या रानात नांगरत असेल तर कलम ७ त्याच्या बांधावरसुद्धा येत नाही. कलम ९ लागू असलं तरी 'तुमच्याच शेतातून वाहिलेल्या गाळाने हाच शिंपला मेला' हे सिद्ध करणं जवळपास अशक्य. त्यात शेतातून पावसाबरोबर वाहून जाणाऱ्या पाण्याला क्लीन वॉटर ॲक्टमध्येही (पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा) परमिटमधून सूट आहे. म्हणजे शेतकऱ्याला ज्याची भीती वाटते ते घडतच नाही, आणि नदीला ज्याची गरज आहे तेही घडत नाही.

अजून एक, जे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांची एखादी ठराविक वस्ती वेगळी काढून यादीत घालता येते. शिंपल्यांना ती सोय नाही. कणा नाही ना! एका नदीतून ते संपत आले तरी तेवढ्यापुरतं संरक्षण नाही मिळत, आख्खी प्रजाती (किंवा उपप्रजाती) धोक्यात आहे असं दाखवावं लागतं. तोवर उशीर झालेला असतो.

रेवा_काठ:
सुमेधा, हे कण्याचं मला अजिबात माहीत नव्हतं. वाईट वाटलं वाचून. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये २१ प्रजाती 'नामशेष' म्हणून यादीतून काढल्या, त्यात ८ शिंपले होते. आठ! उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या साधारण ३०० जाती आहेत, जगात इतकी विविधता दुसरीकडे कुठे नाही, आणि त्यातल्या आठ अशा एका कागदावर गेल्या. त्यातल्या काही तर यादीत घालेपर्यंतच संपल्या असाव्यात असं म्हणतात.

निनाद, 'पन्नास वर्षांत काय झालं' याचं उत्तर मला देता येईल असं वाटतंय, कारण हिगिन्स आयच्या बाबतीत १९९१ नंतर गोष्टच बदलली. झेब्रा मसल नावाचे परके छोटे शिंपले आले. युरोपातून जहाजांच्या पाण्यातून ग्रेट लेक्समध्ये आणि तिथून मिसिसिपीत. नखाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि दिसेल त्या टणक वस्तूला धाग्यांनी चिकटतात. नदीच्या मऊ तळावर टणक काय, तर आपले मोठे शिंपले! एकेका शिंपल्यावर शेकडोंनी बसतात, त्याला तोंड उघडता येत नाही, मिटता येत नाही, खायला मिळत नाही. विस्कॉन्सिनमध्ये प्रेरी डू शीनजवळ हिगिन्स आयची चांगली दाट वस्ती होती, तिची नव्वदच्या दशकात अशीच दैना झाली. म्हणजे १९७६ मध्ये ज्या संकटासाठी यादीत घातलं ते वेगळंच होतं आणि मारायला आलं ते तिसरंच.

पाणकावळा:
इथे मी बोलू शकतो. मी सिव्हिलवाला, पुलांच्या कामात वीस वर्षं. सुमेधांनी कलम ७ सांगितलं त्याचं जिवंत उदाहरण देतो. आयोवातलं बेटेंडॉर्फ आणि इलिनॉयमधलं मोलीन यांना जोडणारा आय-७४ महामार्गाचा नवीन पूल. केंद्राचे पैसे, केंद्राच्या परवानग्या, आणि खाली नदीत शिंपल्यांचे थर, त्यात हिगिन्स आय. मग काय केलं, तर बांधकाम सुरू व्हायच्या आधी २०१६ साली पाणबुडे उतरवून लाखाहून जास्त शिंपले हाताने उचलले आणि दुसऱ्या सुरक्षित जागी नेऊन ठेवले. हाताने! गढूळ पाण्यात काही दिसत नाही, बोटांनी चाचपून एकेक शोधायचा. पूल झाला की नाही? झाला. आमच्या क्षेत्रात लोक म्हणतात कायद्याने काम अडतं, माझा अनुभव असा की आधी विचारलं तर अडत नाही, शेवटी विचारलं तर मात्र अडतं. मी काम केलेल्या एका छोट्या पुलावर (नाव नको) सर्व्हे उशिरा केला, शिंपले उशिरा सापडले, आणि त्यांना हलवायचं ते पाणी कोमट असतानाच, थंडीत उचलले तर ते परत गाडून घेऊ शकत नाहीत, त्यामुळे आख्खा हिवाळा थांबलो. दोष शिंपल्याचा नव्हता, आमच्या वेळापत्रकाचा होता.

निनाद२१:
हे पटलं. लाखभर शिंपले हाताने, कमाल आहे. पण हलवणं म्हणजे वाढवणं नाही ना? आहेत तेवढेच इकडचे तिकडे.

रेवा_काठ:
बरोब्बर, आणि इथेच सगळ्यात मोठी घडामोड आहे जी कुणाला माहीतच नसते.

वरच्या मिसिसिपीत आर्मी कोअर (लष्कराचं अभियंता खातं) बोटींसाठी ९ फूट खोल मार्ग राखतं, १९३० च्या दशकात धरणं आणि लॉक बांधून केलेला. आता झेब्रा मसलच्या अळ्या पाण्याबरोबर खाली वाहत जातात, म्हणजे निसर्गतः वरच्या भागातून त्या हळूहळू धुऊन जायला हव्यात. पण बार्ज (सपाट मालवाहू बोटी) खालून वर येतात, त्यांच्या बुडाला चिकटून झेब्रा पुन्हा वर येतात, पुन्हा अळ्या सोडतात. हे चक्र चालू कशामुळे? तर त्या मार्गामुळे. म्हणून २००० साली फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने कलम ७ खाली लेखी मत दिलं की हा मार्ग असाच चालू ठेवला तर हिगिन्स आयचं अस्तित्व धोक्यात येईल. याला जेपर्डी ओपिनियन म्हणतात आणि असं मत सहसा देत नाहीत. आता मिसिसिपीवरची वाहतूक कोण बंद करणार? कुणीच नाही. पण कायदा सांगतो की मग पर्याय द्या. तो पर्याय ठरला, झेब्रा कमी आहेत तिथे हिगिन्स आयच्या नवीन वस्त्या उभ्या करायच्या, आणि ते काम कोअरने करायचं. निनाद, १९७६ मध्ये पेरलेलं बी २००० मध्ये उगवलं ते असं. यादीत नाव नसतं तर कोअरला कुणी विचारलंही नसतं.

आणि हे वाढवतात कसं ते वाचा, मला तर झोप लागली नव्हती कळल्यावर. शिंपल्याची पिल्लं थेट नदीत जगत नाहीत, त्यांना आधी माशाच्या कल्ल्यांना चिकटून काही आठवडे राहावं लागतं, आणि कुठलाही मासा चालत नाही. हिगिन्स आयला बास, वॉलआय, सॉगर असे मासे लागतात. मादी काय करते, स्वतःच्या अंगाची कड बाहेर काढून छोट्या माशासारखी हलवते, डोळ्यासारखा ठिपका वगैरे सगळं! बासला वाटतं खाऊ आहे, तो झडप घालतो आणि तोंडभर अळ्या घेऊन जातो. ज्या प्राण्याला स्वतःला डोळे नाहीत तो दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी मासा घडवतो.

विस्कॉन्सिनमध्ये जिनोआला केंद्राचं मत्स्यबीज केंद्र आहे, २००० पासून तिथे शिंपल्यांचं काम चालतं. एका दुसऱ्या केंद्रात मला हे काम जवळून बघायला मिळालं. अंडी-अळ्या भरलेली मादी नदीतून आणतात, अगदी हलक्या हाताने किंचित उघडून पिचकारीने कल्ल्यातल्या अळ्या धुऊन काढतात. जिवंत आहेत का बघायला थोड्या अळ्यांवर मिठाचा कण टाकतात, टाकल्याबरोबर त्या फटकन मिटल्या तर चांगल्या. सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो चिमुकली दारं एकदम बंद होताना मी बघितली आहेत. मग त्या पाण्यात मासे सोडायचे, कल्ल्यांना अळ्या लागल्या की ते मासे जाळीच्या पिंजऱ्यात घालून नदीत ठेवायचे, पिल्लं आपसूक गळून तळाशी पडतात, मासे नंतर सोडून देतात. पुढे पिंजरे काढून पिल्लं मोजायची. मोजताना हात थरथरत होता माझा, मुगाच्या दाण्याएवढी होती.

मृदगंध:
मी हे तीनदा वाचलं. डोळे नसलेला प्राणी मासा घडवतो, बापरे.

सुमेधा_वि:
रेवा, सुंदर लिहिलंयस. दोन गोष्टी जोडते.

एक, हिगिन्स आयसाठी 'क्रिटिकल हॅबिटॅट' (कायद्याने राखलेली महत्त्वाची राहण्याची जागा) कधी जाहीरच झालेला नाही. २००४ च्या सुधारित रिकव्हरी प्लॅनमध्ये (प्रजाती सावरायचा आराखडा) दहा 'इसेन्शियल हॅबिटॅट' जागा दिल्या आहेत, सेंट क्रॉय नदीतल्या काही, मिसिसिपीतल्या काही, विस्कॉन्सिन नदीवरची ओरायन. नावं सारखी वाटतात पण कायद्यात जमीन-अस्मानाचा फरक. क्रिटिकल हॅबिटॅट खराब करायला केंद्राच्या खात्यांना कलम ७ मनाई करतं. इसेन्शियल ही फक्त प्लॅनमधली यादी. आणि रिकव्हरी प्लॅन मुळात बंधनकारक नसतो, तो मार्गदर्शक असतो, कुणी पाळला नाही म्हणून कोर्टात उभं नाही करता येत.

दोन, निनाद, ज्यातून खरंच फरक पडू शकतो अशी एक गोष्ट तुमच्या क्षेत्राजवळची आहे. अमोनिया. शिंपल्यांची पिल्लं अमोनियाला माशांपेक्षा फार नाजूक असतात. पूर्वीची मर्यादा माशांवरून ठरवलेली होती. प्रयोगशाळांमध्ये पिल्लांवर चाचण्या झाल्या आणि २०१३ मध्ये ईपीएने (केंद्राचं पर्यावरण खातं) पाण्यातल्या अमोनियाची मर्यादा खाली आणली, दीर्घकाळासाठी लिटरला १.९ मिलिग्रॅम (पीएच ७, तापमान २० अंशांना). पण हा आकडा राज्यांनी आपल्या नियमात घ्यायचा असतो, आणि राज्यं सावकाश चालतात.

निनाद२१:
अमोनियाचं मला खरंच माहीत नव्हतं. खत कधी टाकायचं, पावसाच्या आधी नको, नाल्याच्या कडेला गवताची पट्टी सोडा, हे आम्ही सांगतोच, पण आजवर गाळ आणि नायट्रेट याच कारणांसाठी सांगायचो. आता शिंपल्याच्या पिल्लांचंही सांगेन. शेतकऱ्याला 'कायदा' म्हटलं की तो गप्प होतो, पण 'तुमच्या नाल्यातला बास मासा यांची पिल्लं वाहतो' म्हटलं तर तो ऐकेल, मासेमारी सगळ्यांनाच आवडते.

पाणकावळा:
माशांवरून आठवलं. आयोवातल्या कीओककला १९१३ मध्ये धरण झालं, त्याने स्किपजॅक हेरिंग नावाच्या माशाचा वर जायचा रस्ता बंद झाला. एबनीशेल नावाचा शिंपला, बटणवाल्यांचा सगळ्यात लाडका, त्याची पिल्लं या माशावर वाढतात. धरणाच्या वर मासा नाही म्हणजे पिल्लं नाहीत. जुने शिंपले नुसते म्हातारे होत राहिले, दिसायला नदी भरलेली आणि आतून वंश बंद. वरून बघणाऱ्याला कित्येक वर्षं कळलंही नसेल. म्हणून शिंपले मोजताना फक्त किती आहेत ते बघून चालत नाही, छोटे किती आहेत ते बघतात.

ओवी_आई:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, वाचत मात्र रोज होते. तुमच्याइतकं माहीत नाही पण एक अडचण आहे, लगेच सांगा. आज शनिवार म्हणून मुलाला घेऊन नदीवर गळ टाकायला आलोय, त्याने उथळ पाण्यातून एक मोठा शिंपला उचलला, जिवंत आहे. घरी न्यायचा हट्ट करतोय, मी बादलीत पाण्यात ठेवलाय, अजून काठावरच आहोत. वाचून घाबरले. हा गुन्हा आहे का? आणि हा हिगिन्स आय आहे का कसं ओळखू?

सुमेधा_वि:
ओवी_आई, घाबरू नका, पण घरी अजिबात नेऊ नका. ओळखायच्या भानगडीत पडू नका, तज्ज्ञांनाही हातात घेऊन चुकायला होतं, नर मादीचा आकारही वेगळा असतो. म्हणून नियम सोपा, जिवंत शिंपला कुठलाही असो, जिथला तिथे परत. रिकामी शिंपली सुद्धा राज्याच्या वन्यजीव खात्याला विचारल्याशिवाय नेऊ नका, कारण या कायद्यात प्राणी म्हणजे त्याचा मेलेला भाग पण येतो, आणि राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. (रेवा, तुझा तो भोकवाला शिंपला सुद्धा एकदा विचारून घे.)

रेवा_काठ:
सुमेधा, विचारते उद्याच, फोटो पण त्यानंतरच टाकते.

ओवी_आई, नेमका जिथून उचलला तिथेच, दोन पावलंही इकडे तिकडे नको. खोल फेकू नका. पाण्यात हात घालून तळावर अलगद आडवा ठेवा, जोर लावून चिखलात खुपसू नका, चुकीची बाजू वर राहिली तर त्याला त्रास होतो. तो स्वतः गाडून घेईल. आणि निघताना बादली, गळ, बूट सगळ्यातलं पाणी तिथेच ओता आणि घरी वाळवा, झेब्राच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत. मुलाला ओरडू नका हं, त्याने उचलला म्हणूनच आज तुम्ही लिहिलंत.

निनाद२१:
रेवाताई, पिंजऱ्यांच्या कामाला स्वयंसेवक घेतात का? मला आणि एका शेतकरी मित्राला यायचंय. तो आधी येणार नव्हता, मीठ टाकल्यावर अळ्या मिटतात हे सांगितल्यावर तयार झाला.

रेवा_काठ:
मी विचारून मेसेज करते तुम्हाला. वेडर्स (पाण्यात उतरायचे उंच बूट-पँट) आणि जुने कपडे लागतील, आणि दिवसभराची तयारी ठेवा.

ओवी_आई:
ठेवला. सांगितलंत तसाच आडवा. मुलगा रडला आधी, मग म्हणाला थांबून बघूया. वीसेक मिनिटं काहीच झालं नाही, आम्ही निघणार होतो, तेवढ्यात फट थोडी उघडली आणि आतून पांढरट जाड पाय बाहेर आला, जीभ काढल्यासारखा, तो वाळूत घातला आणि एका झटक्यात शिंपला उभा झाला. आता फक्त कड दिसतेय. मुलगा म्हणतोय पुढच्या शनिवारी परत बघायला यायचं, जागा लक्षात राहावी म्हणून त्याने काठावर तीन दगड मांडलेत.